भ्रम, विभ्रम आणि शेळी

“मला आवाज ऐकू येतात,” तेजल म्हणाली. “आजूबाजूला कुणी नसतं, तरी ऐकू येतात.”

परसात तेव्हा खरंच कुणी नव्हतं. तेजल भांडी घासत होती आणि हे सगळं ती एका उपड्या पातेल्याला सांगत होती. पातेल्याने काही हरकत घेतली नाही. पण कुंपणापलीकडे गोधडी वाळत घालणाऱ्या धोंडाबाईचे हात वरच्या वर थांबले.

“मला दोरी दिसली की साप वाटतो,” तेजल पुढे म्हणाली. “मी नवऱ्यावरचा राग सासूवर काढते. कधी कधी तर मी कोण, माझं नाव काय, हेही मला आठवत नाही.”

एवढं बोलून तिने पातेलं उताणं केलं, समाधानाने मान हलवली आणि गाणं गुणगुणत आत निघून गेली. ते गुणगुणणं ऐकून पोरीचं काही खरं नाही, असं धोंडाबाईने ठरवूनच टाकलं.

खरं म्हणजे तेजल अगदी ठणठणीत होती. उद्या सकाळी तिचा मानसशास्त्राचा शेवटचा पेपर होता, एवढंच. बारावी झाल्या झाल्या सोमाटण्याहून लग्न करून ती भाज्याला आली होती. मग संसार, मग मुलगी, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने धीर करून लोणावळ्याच्या एका कॉलेजात बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. बाकीचे विषय तिने कसेबसे पाठ केले, पण मानसशास्त्राच्या व्याख्या तिच्या डोक्यात टिकेनात. तेव्हा रविवारच्या तासाला अनघा मॅडमनी सगळ्यांना एक युक्ती सांगितली होती.

“घोकू नका. प्रत्येक गोष्ट स्वतःला लावून बघा. ‘माणसाला असं होतं’ म्हणू नका, ‘मला असं होतं’ म्हणा. स्वतःला लावलेलं माणूस विसरत नाही.”

तेजलने हे मनावर घेतलं. त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून तिला भ्रम, विभ्रम, विस्थापन आणि स्मृतिभ्रंश होऊन गेले होते. मुलगी सुट्टीत आजोळी गेली होती, तेव्हा दुपारी स्वयंपाक झाला की नैराश्य उरकायचं, असा तिचा बेत होता.

घरात हे कुणाला माहीत नव्हतं, कारण ती घरात अभ्यासाबद्दल बोलतच नसे; आधीच्या पेपरांनाही ती ‘कॉलेजात जाऊन येते’ एवढंच म्हणून गेली होती. त्याला कारण होतं. कॉलेजात नाव घातल्याचं तिने सासूला सांगितलं, तेव्हा भामाबाई फक्त “बरं” म्हणाली होती आणि शेळीचं दूध काढायला निघून गेली होती. त्या एका ‘बरं’चा अर्थ तेजल वर्षभर लावत होती. शेवटी तिने ठरवून टाकलं, की सासूबाईंना हे पसंत नाही.

धोंडाबाई गोधडी तशीच टाकून निघाली ती थेट भाजे लेण्यांच्या पायऱ्यांपाशी आली. तिथे भामाबाईची टपरी होती. लिंबू सरबत, काकडी, करवंदं. आडवार होता, ऊन मी म्हणत होतं आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

“भामे, तुजी सून बरी हाय न्हवं?” धोंडाबाईने विचारलं.

“बरी हाय की. का?”

“न्हाई, आपलं इचारलं.” धोंडाबाईने एक काकडी उचलली, पण खाल्ली नाही. तेव्हा भामाबाईला पहिल्यांदा शंका आली. धोंडाबाईने हातातली काकडी खाल्ली नाही असं आजवर झालं नव्हतं.

“काय झालं त्ये नीट सांग.”

“तिला आवाज ऐकू येत्यात, भामे. कुनी नसताना. मी ह्या कानांनी ऐकलं. दोरीचा साप दिसतो म्हनली. नवऱ्यावरचा राग सासूवर काडते म्हनली. आन म्हनली, मी कोन त्येच मला आठवत न्हाई.”

“तुजं कायतरीच.”

“पातेल्याला सांगत व्हती बाई! आन सांगून झाल्यावर गानं म्हनाया लागली.”

भामाबाईने काकड्या टोपलीत भरल्या, टपरीवर फडकं टाकलं आणि भर दुपारची घराकडे निघाली. वाटेत ती धोंडाबाईला सांगत होती, की तसं काही नसणार, पोरीची चेष्टामस्करी असेल. दाराशी आली तेव्हा आतून तेजलचा आवाज येत होता. शांत, एकसुरी.

“मला भूक लागत नाही. झोप येत नाही. काही करावंसं वाटत नाही. सगळं संपल्यासारखं वाटतं. असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय.”

भामाबाई टोपली डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. मग ती आत न जाता मागच्या मागे वळली.

तेजलचे सासरे श्रीपतीआबा आंब्याखाली बाजेवर पडले होते. रेल्वेत रुळांची देखभाल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्त होऊनही त्यांची विचार करायची पद्धत बदलली नव्हती. भामाबाईने डोळे पुसत सगळं सांगितलं. आबा उठून बसले.

“दोरीचा साप दिसतो?”

“व्हय.”

“मंग रडतीस कशापायी? रुळावर दगुड आला, तर गाडीला समजावत बसायचं नसतं. दगुड उचलायचा.”

आणि त्यांनी दोऱ्या उचलायला सुरुवात केली. आधी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. कपडे कुंपणावर टाकले. मग आडावरच्या पोहऱ्याची दोरी काढली. माळ्यावरचं चऱ्हाट, सायकलच्या कॅरिअरची सुतळी, भिंतीवरच्या कॅलेंडरचा दोरासुद्धा. स्वतःच्या पायजम्याच्या नाडीकडे त्यांनी एकवार बघितलं आणि ती तेवढी राहू दिली. शेवटी त्यांनी शेळीचं दावं सोडलं. सगळ्या दोऱ्या एका पोत्यात भरून ते पोतं त्यांनी धोंडाबाईच्या गोठ्यात नेऊन ठेवलं.

तोवर भामाबाईने मुलाला फोन लावला. धम्मदीप तळेगावच्या एमआयडीसीत कामाला होता आणि त्याच्या शेजारी मशीन धडधडत होतं.

“आई, मोठ्यानं बोल! काय झालं?”

“तेजलला आवाज ऐकू येत्यात रं!”

“काय? तेजलला आवाज ऐकू येत नाही?”

“ऐकू येत्यात! लवकर ये!”

“येत नाही? एकदम? बरं, बरं, निघतो!”

इकडे मोकळ्या झालेल्या शेळीला काय करावं ते सुचेना. कधी नव्हे ते तिला कुणी अडवत नव्हतं. ती पडवीत चढली. पडवीतल्या कॉटवर तेजलचा प्रश्नसंच पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होता. तेजल पाणी प्यायला आत गेली होती. ती परत आली तेव्हा शेळीने ‘अध्ययन’ हे प्रकरण संपवलं होतं आणि ती ‘स्मृती’कडे वळली होती.

“अगं ए! सोड! सोड म्हणते ना!”

तेजलने एका बाजूने ओढलं, शेळीने दुसऱ्या बाजूने. शेवटी मधली शिलाई सुटली. तेजलच्या हातात प्रस्तावना, भावना आणि व्यक्तिमत्त्व एवढं उरलं. ती तिथेच फरशीवर बसली आणि तिला रडू कोसळलं. वर्षभर चोरून केलेला अभ्यास, उद्याचा पेपर, आणि समोर निवांत रवंथ करणारी शेळी, सगळं एकदम दाटून आलं.

“कुणी सोडली हिला?” तिने हुंदके देत विचारलं. “दावं कुठंय?”

“कंचं दावं?” आबा निरागसपणे म्हणाले. “आपल्याकडं दावं न्हवतंच कदी.”

भामाबाईने डोळ्यांनीच नवऱ्याला शाबासकी दिली.

“आणि ही कपड्यांची दोरी कुठं गेली?”

“दोरी बी न्हवती. तू पड जरा, पोरी. ऊन लागलंय तुला.”

तेजलने आबांकडे बघितलं, सासूकडे बघितलं, रिकाम्या खांबांकडे बघितलं. सकाळी स्वतःच्या हातांनी तिने त्या दोरीवर कपडे टाकले होते. क्षणभर तिलाच स्वतःबद्दल शंका आली.

तेवढ्यात धम्मदीपची मोटरसायकल आली. हेल्मेट न काढताच तो आत धावला, बायकोसमोर उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी ओरडला, “कसं वाटतंय आता?”

“अहो, ओरडता कशाला?”

धम्मदीपचा चेहरा उजळला. “आई! ऐकू येतंय की हिला!”

“त्येच तर म्हंते मी,” भामाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. “ऐकू येतंय, म्हनून तर बोलावलं तुला.”

खिशातून काढलेली कानात घालायच्या थेंबांची बाटली हातात धरून धम्मदीप बराच वेळ आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला.

तेजलला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं गेलं. वाचून वाचून डोक्यावर परिणाम झाला असणार असं आबांचं मत पडलं, म्हणून उरलेली पुस्तकं माळ्यावर गेली. मग बाहेर ओट्यावर बैठक बसली. धोंडाबाई तांब्याभर ताक घेऊन आली होती. तिचा जीव खरोखरच खालीवर होत होता. आपण सांगितलं नसतं तर बरं झालं असतं की वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“पल्याडच्या वाडीत एक जन हाय,” ती हळूच म्हणाली. “अंगारा देतो. आमच्या गेणूच्या मेव्हनीला—”

“धोंडाबाई, आमच्या घरात तसलं काय चालत न्हाई,” आबा म्हणाले. रागाने नव्हे, पण ठामपणे. “आजार हाय, तर डाक्टर. उद्या लोनावळ्याला न्यायची.”

“मी सुट्टी टाकतो,” धम्मदीप म्हणाला. त्याला एकाएकी आठवलं होतं, की गेले काही महिने बायको रात्री जेवताना गप्प गप्प असते. आपण कधी विचारलं नाही, हेही त्याला आठवलं.

तेजल दारात येऊन उभी राहिली. “मला उद्या सकाळी लोणावळ्याला जायचंय,” ती निर्धाराने म्हणाली. पुस्तकं गेली, तरी परीक्षा ती बुडवणार नव्हती. कुणी अडवलं तर काय काय बोलायचं, तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. तिलाच समजतंय, म्हणजे अजून फार हाताबाहेर गेलेलं नाही.

“जाऊ की,” आबा मऊ आवाजात म्हणाले. “समदीच जाऊ.”

“सगळे कशाला? मी एकटी जाईन.”

“येकटी न्हाई जायचं आसल्या कामाला.”

“पण आत मला एकटीलाच सोडतात. बाकीच्यांना गेटवरच थांबवतात.”

“बघू कोन थांबवतंय,” आबा म्हणाले. “म्या सांगीन त्यांना, सून हाय माजी.”

“अहो आबा, तीन तास लागतात.”

“तीन तास?” भामाबाईने पदराने डोळे टिपले. “इतकं तपासत्यात?”

“हो. वरून पुरवणीसुद्धा देतात,” तेजल म्हणाली आणि त्यावर चौघेही एकदम गंभीर झाले. तिने ठरवलेली सगळी वाक्यं वाया गेली होती. कुणी अडवतच नव्हतं.

दिवेलागणीला भामाबाई तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ आली. “बस खाली,” म्हणाली आणि तिच्या मागे बसून केस मोकळे करू लागली. लग्न झाल्यापासून सासूने तिच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. तेजल अंग चोरून बसली. तेल कोमट होतं. भामाबाईची बोटं खरखरीत होती आणि अगदी सावकाश फिरत होती.

“मला बी यायचे ऐकू,” भामाबाई एकदम म्हणाली.

“काय?”

“आवाज. धम्मदीप झाला तवा. पोरगं झोपलेलं आसायचं, आन मला त्याचं रडनं ऐकू यायचं. शेतात आसले तरी. धावत यायची, तर ह्यो निवांत.” बोटं क्षणभर थांबली, पुन्हा फिरू लागली. “मंग पुढं पुढं तर त्याला घ्यावंसंच वाटंना. दूद पाजायची आन भितीकडं त्वांड करून बसायची. आडावर पानी भराया जायचं मला भ्या वाटायचं. पान्यात बघितलं का वाटायचं...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. तेजलने मान वळवली नाही. वळवली तर हे बोलणं थांबेल, असं तिला वाटलं.

“कुनाला सांगनार? पोरगा झाला आन बाई रडत बसलीया, म्हनल्यावर लोकं काय म्हनतील? ह्यांना बी न्हाई सांगितलं. ह्ये रुळावर जायचे, दमून यायचे.”

“मग ते गेलं कसं?” तेजलने हळू विचारलं.

“गेलं आपसुक. लय दिसांनी. येकदा त्यो रांगत कोंबडीच्या मागं गेला, आन कोंबडी आशी उलटली त्याच्यावर, का त्यो ढुंगनावर बसून तिच्याकडं बघत ऱ्हायला. मला लय हसू आलं. हसले, तवा कळलं, का किती दिसांत हसले न्हवते मी.”

तेजलला त्या दुखण्याचं नाव माहीत होतं. माळ्यावर टाकलेल्या पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या आणि त्या तिच्या पाठ होत्या. पण ते नाव तिने उच्चारलं नाही. तिने नुसता हात मागे नेला आणि सासूचा तेलकट हात आपल्या हातात धरला.

“म्हनून सांगते,” भामाबाई म्हणाली, “तुला काय व्हत आसंल त्ये लपवू नगं. तुजा दोष न्हाई त्यात. उद्या डाक्टरकडं मी आत येनार. तू नगं म्हनलीस तरी येनार.”

“कोणत्या डॉक्टरकडं?”

“लोनावळ्याच्या. तूच म्हनलीस न्हवं?”

आता तेजल वळली. दिवसभराचं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकलं. दोऱ्या, शेळी, कानातले थेंब, माळ्यावरची पुस्तकं. सकाळी कुंपणापलीकडे एक गोधडी अर्धवट लोंबत होती, तीही आठवली. तिला सगळा उलगडा झाला. पोटातून हसू यायला लागलं आणि त्याच वेळी ते दाबून ठेवावंसंही वाटलं. आत्ता खरं सांगितलं, तर या बाईला केवढं ओशाळं वाटेल! पण न सांगून तिला रात्रभर घोर लावणं त्याहून वाईट.

“आई,” ती म्हणाली, “मला आवाज ऐकू येत नाहीत हो. मी अभ्यास करत होते. उद्या पेपर आहे माझा. मनाच्या शास्त्राचा. मॅडम म्हणाल्या होत्या, सगळं स्वतःला लावून पाठ करा.”

भामाबाईने तिच्याकडे टक लावून बघितलं. “मंजी तू बरी हायेस?”

“बरी आहे.”

“भूक लागती?”

“आत्तासुद्धा लागलीय.”

“आन त्यो माज्यावर काडतीस त्यो राग?”

“तो पण पुस्तकातलाच,” तेजल म्हणाली. मग थोडं थांबून, प्रामाणिकपणे, “बराचसा.”

भामाबाईने वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय, हे तेजलला कळेना. दोन्ही चाललं होतं.

“मंजी मी ह्ये समदं उगाच बोलले व्हय गं?”

“उगाच नाही,” तेजल म्हणाली. “मला सांगितलंत ना. मला वाटायचं, माझं शिकणं तुम्हाला आवडत नाही. तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणाला होतात.”

“मंग काय म्हनायला पायजे व्हतं?” भामाबाई चकित झाली. “मला त्यातलं काय कळतं? वाकडं कायतरी बोलले आसते तर तुजं मन मोडलं आसतं. म्हनून ‘बरं’ म्हनले. आन बाहेर जाऊन शेळीला सांगितलं, का आमची सून कालेजात जानार. शेळीला सांगून झाल्यावर दूद काडलं.”

तेजल पुन्हा पाठमोरी बसली आणि तिने केस सासूच्या हवाली केले.

पुस्तकं माळ्यावरून खाली आली. पण प्रश्नसंचाचा अर्धा भाग शेळीच्या पोटात होता, आणि नेमक्या मॅडमनी खुणा केलेल्या व्याख्या त्यातच होत्या. धम्मदीप शेळीकडे असा बघत होता, जणू अजूनही काही परत मिळवता येईल. तेव्हा भामाबाई उठली आणि कुंपणापाशी जाऊन तिने हाक मारली.

“धोंडे! सकाळी तेजल काय काय बोलली, त्ये समदं आठवतंय न्हवं तुला?”

“आठवतंय म्हंजी? शबुद न शबुद!”

“मंग ये हिकडं. आन येकेक करून सांग.”

खरा प्रकार कळल्यावर धोंडाबाई आधी खजील झाली, पण मग तिला एकदम महत्त्व आलं. शेळीने खाल्लेला सगळा भाग तिच्या तोंडपाठ होता. ती ओट्यावर मांडी घालून बसली आणि तिने उलटतपासणी सुरू केली.

“दोरीचा साप?”

“भ्रम,” तेजल म्हणाली.

“कुनी नसताना आवाज?”

“विभ्रम.”

“नवऱ्याचा राग सासूवर?”

“विस्थापन.”

“आमच्यात त्याला रोजचंच म्हंत्यात,” धोंडाबाई म्हणाली. “फुडं. बक्षिसी मिळाली का मानूस त्येच काम परत करतं?”

“प्रबलन. मावशी, हे मी कधी म्हटलं होतं?”

“काल दुपारी. पापड करताना.”

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. आबा लवकर जेवून आंब्याखाली झोपले होते. त्यांना खरं सांगायचं काम भामाबाईला वाटलं धम्मदीपने केलं असेल, आणि धम्मदीपला वाटलं आईने. सकाळी उठून बघतात, तर बाज रिकामी. डॉक्टरकडे गर्दी असते म्हणून नंबर लावायला आबा पहिल्याच गाडीने मळवली स्टेशनावरून लोणावळ्याला निघून गेले होते. त्यांचा फोन घरातच कॉटवर वाजत होता.

“तुमी व्हा फुडं,” भामाबाई म्हणाली. “मी वडापच्या जीपनं येते मागनं. त्यांना हुडकायला पायजे.”

धम्मदीपने तेजलला मोटरसायकलवरून कॉलेजपाशी सोडलं. गेटवर तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “काल मला वाटलं होतं, तुझं खरंच काहीतरी बिनसलंय. घाबरलो होतो मी.” एवढंच बोलून त्याने कारण नसताना मोटरसायकलचा आरसा पुसला. तेजलने त्याच्या कॉलरला चिकटलेलं गवत काढलं आणि ती आत गेली.

पेपर हातात आला. तिने तो एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग प्रश्न ओळखीचे दिसायला लागले. प्रत्येक व्याख्येला तिला धोंडाबाईचा आवाज ऐकू येत होता आणि तो विभ्रम आहे हेही तिला पक्कं माहीत होतं. ‘विस्मरणाची कारणे लिहा’ या प्रश्नात मात्र शेवटचं एक कारण तिला काही केल्या आठवेना. पुरवणी तिने मागून घेतली, तेव्हा तिला ओट्यावरच्या चौघांचे गंभीर चेहरे आठवले आणि हसू आलं. पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. तिने मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

बाहेर आली तेव्हा गेटसमोरच्या झाडाखाली भामाबाई बसली होती. पुढ्यात कालच्या काकड्यांची टोपली होती, आणि ती जवळजवळ रिकामी झाली होती. परीक्षेला आलेल्या पोरांचे आईबाप तिच्याभोवती बसून काकड्या खात होते. शेजारी आबा होते. त्यांच्या उजव्या पायाला गुडघ्यापासून पट्टी बांधलेली होती.

“आबा, काय झालं?” तेजल धावली. “पडलात का कुठं?”

“न्हाई गं,” आबा जरा लाजून म्हणाले. “डाक्टरनं आत बोलावलं, म्हनाला पेशंट कुटंय. तू तर न्हवतीस. येवडा पयला नंबर लावलेला, त्यो वाया कशाला घालवायचा? मंग गुडगा दाखवला. लय दिस दुखत व्हता.”

“आणि माझ्याबद्दल काय सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, सून परीक्षेला गेलीया. आत जायच्या आदी तुजी सासू आली, तवाच कळलं मला. तवर म्या बी तुज्यापायी त्या बाकड्यावर बसून...” आबांनी हात झटकला आणि पुढचं बोलायचं टाळून गुडघ्याची पट्टी नीट केली. “कसा गेला पेपर?”

“चांगला गेला.”

भामाबाईने शेवटच्या दोन काकड्या तिच्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. तिने त्या पदराने पुसल्या, चिरून मीठ लावलं आणि सुनेच्या हातात दिल्या. मग आजूबाजूच्या आयाबापांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने विचारलं, “फुडल्या वर्साला बी हाच इषय घेनार न्हवं?”

“घ्यावा म्हणते,” तेजल काकडी खाता खाता म्हणाली. “तुम्हाला चालेल?”

“मला काय, चालंल की. फकस्त फुडल्या वर्साला तुला कंचे कंचे आजार व्हनार हायेत, त्ये आदी सांगून ठेव.” तिने सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. “येकदम अंगावर आलं का मला झेपत न्हाई.”